गाळवाले काका

हे काका तुमच्याही ओळखीचे असणार. नागपुरातल्या कुठल्याही जुन्या ले-आउटमध्ये एक तरी सापडतोच. नोकरीतून सेवानिवृत्त, मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं, टाक्यात कोई मासे. पण मासे ते दाखवत नाहीत. गाळ दाखवतात.

पाहुणा चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच काका फिल्टरमधला स्पंज काढून बादलीत पिळतात. "पाहा न भाऊ, किती घाण निघून राहिली!" बादली काळी, चेहरा उजळलेला. पुतणीला पाहायला आलेल्या मंडळींसमोरही हा कार्यक्रम झाला. लग्न जमलं, संत्रा बर्फी मात्र तशीच राहिली.

शास्त्र त्यांचं पक्कं, हे मानावंच लागतं. विष्ठा, उरलेलं खाणं, पालापाचोळा हे सगळं कुजायच्या आत पकडायचं. आधी ब्रश, मग जाड स्पंज, मग बारीक. त्यानंतर जिवाणूंचा कप्पा. तिथे माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट. गाळ आधी अडला नाही तर हा कप्पा तुंबलाच म्हणून समजा. टाक्यातलं सगळं पाणी दोन तासांत निदान एकदा यातून फिरलं पाहिजे. त्याला पंप लागतो, आणि काकांचा पंप मुळात कूलरचा.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकला की घरात रण पेटतं. काकू म्हणतात, माणसं शिजून राहिली इथं. काका म्हणतात, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, अन् माशांना तर उलट जास्त लागतो. वादात काका जिंकतात, पंप काकू नेतात.

एवढं करून पाणी हिरवंच! तरंगतं एकपेशीय शेवाळ स्पंजातून आरपार जातं, त्याला यूव्ही दिवा लागतो, असं शेजारच्या पोरानं सुचवलं. काकांनी झिडकारलं. दिव्यात गाळ अडकत नाही, मग दाखवायचं काय? दिव्यामुळे शेवाळाचे गोळे होतात आणि ते स्पंजातच अडकतात, हे कळल्यावर दिवा दुसऱ्या दिवशी हजर.

पुण्यातला नातू व्हिडिओ कॉलवर मासे मागतो. त्यालाही स्पंजच दिसतो.

वैताग येतो खरा. पण पावसाळ्यात डेंग्यूची धास्ती सुरू झाली की हेच काका बरणी घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक हौदात गप्पी मासे सोडतात. डासांच्या अळ्या त्यांनी खाल्ल्या की नाही, हे पाहायला आठवड्यानं परत येतात. चहाही घेत नाहीत. अशा वेळी त्यांना गाळवाले म्हणणं जरा जिवावर येतं.

शहराचं सांडपाणी पोटात घेत वाहणाऱ्या नाग नदीसाठी केंद्रानं सुमारे 1,927 कोटींची योजना मंजूर केली, ती बातमी काकांनी कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवली. मलवाहिन्या, प्रक्रिया केंद्रं, पंपिंग स्टेशनं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी पेपराची घडी घातली आणि विचारलं, "अन् स्पंज कोण धुणार?"