निर्यातक्षम पाल्याचा पिता

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या पंगतीत हा गृहस्थ हमखास सापडतो. पगार तो कधीच सांगत नाही. ‘आमच्याकडे ट्यूशन रिमिशन आहे,’ एवढंच सांगतो, तेही पुरणपोळीवर तूप वाढून घेता घेता. नोकरी एखाद्या खासगी कॉलेजच्या आयटी विभागात किंवा हिशेब कचेरीत. कंपन्यांतले मित्र याहून बरंच जास्त कमावतात. पण कर्मचाऱ्यांच्या मुलांना कॉलेज फी माफ करतं, म्हणून तो वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. नामांकित खासगी कॉलेजांचा खर्च राहण्याजेवण्यासकट वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे गेल्यापासून तर त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आलं आहे.

माफी असते ती फक्त शिकवण्याच्या फीची. डॉर्म, जेवण, पुस्तकं हा सगळा भार खिशावरच. शिवाय बऱ्याच ठिकाणी नोकरीची ठरावीक वर्षं भरावी लागतात. मूल सातवीत गेलं की साहेब कितीही खडूस असला तरी घरात राजीनाम्याचं नाव निघत नाही.

मुलीने ‘बाबांच्या कॉलेजात मी मुळीच जाणार नाही’ असं जाहीर केलं की दुसरा अंक सुरू होतो. त्यासाठी ‘ट्यूशन एक्स्चेंज’ आहे. १९५४ साली सुरू झालेल्या या योजनेत आज शेकडो कॉलेजं एकमेकांच्या कर्मचाऱ्यांची मुलं घेतात. बाहेर पाठवलेलं मूल ‘एक्स्पोर्ट’, आलेलं ‘इम्पोर्ट’, आणि दोन्हींचा ताळा राखायला प्रत्येक कॉलेजात एक लिएझॉन ऑफिसर. निर्यात फार वाढली की कॉलेज तिला लगाम घालतं. साहजिकच त्या वर्षी या ऑफिसरच्या टेबलावर दिवाळीच्या चकल्यांचा डबा जरा मोठा पोचतो. चकल्यांचा उपयोग मर्यादित असतो, कारण समोरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे ही शिष्यवृत्ती मिळालीच असं नाही. तिथेही चुरस असते.

मग एक्सेलचा तक्ता तयार होतो. त्यात कॉलेजचं नाव, किती इम्पोर्ट घेतात, डॉर्मचा खर्च, जवळचं इंडियन ग्रोसरी, असे रकाने असतात. विषयाचा रकाना नसतो. ‘मेजर काय, पोरं दुसऱ्या वर्षी बदलतातच,’ हे त्यावरचं स्पष्टीकरण (आणि ते अगदीच खोटं नाही). मुलीला सागरी जीवशास्त्र शिकायचं असतं आणि तक्त्यात पहिला नंबर ओहायोतल्या कॉलेजचा लागतो. ‘लेक एरी आहे की जवळ!’ बाबा म्हणतात. आई काहीच बोलत नाही. ती फ्लोरिडाच्या विमानांचे दर बघत बसते.

पदवीपर्यंतची ही फीमाफी करमुक्त असते. मुलांच्या पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ झाली, तर ती रक्कम बापाच्या उत्पन्नात धरली जाते. ‘मास्टर्सचं तुझं तू बघ,’ हे वाक्य म्हणूनच त्याच्या तोंडी लवकर येतं. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणाला मात्र वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमाफी आहे, हे त्याला त्याच सुमारास आठवतं. मुलगी ओहायोला पोचेपर्यंत संध्याकाळच्या एमबीएला त्याचं नाव लागलेलं असतं.