सगळं पाच मिनिटांवर

आदिलाबादेत प्लॉट विकणाऱ्या कुठल्याही व्हेंचरचं पत्रक उचला. विमानतळ 5 मिनिटे. नॅशनल हायवे 5 मिनिटे. कलेक्टर कचेरी 5 मिनिटे, कॉलेज 5 मिनिटे, दवाखाना 5 मिनिटे. व्हेंचर मावल्याकडचं असो, जैनथ रोडवरचं असो की उटनूर रोडवरचं, विमानतळ मात्र पाचच मिनिटांवर. यावरून एवढंच सिद्ध होतं की आमचा विमानतळ गावाभोवती फिरतो आणि गिऱ्हाईक ज्या बाजूने येईल तिकडे जाऊन उभा राहतो.

त्यात विमानतळ म्हणजे तूर्त निजामाच्या काळातली धावपट्टी. 2025 मध्ये परवानगी मिळाली, लोकांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी तुरीच्या शेतात कमानी उभ्या राहिल्या. कमान आधी, रस्ता मागाहून, नळ देवाच्या मर्जीने. कमानीच्या आत चुन्याने रंगवलेले नंबरी दगड, चार नारळाची रोपं आणि दोन दगडांच्या मधून डोकं वर काढणारी गेल्या हंगामातली पऱ्हाटी. प्लॉट नंबर 43 मध्ये तर बोंड फुटलेलं. तिला अजून कुणी रजिस्ट्री दाखवलेली नाही.

पण ही पाच मिनिटं नेमकी कुणाची? पायी जाणाऱ्याची नक्कीच नाहीत. ऑटोवाला सीटा भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे त्याचीही नाहीत. एका एजंटाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, ही घड्याळाची मिनिटं नाहीत, डेव्हलपमेंटची आहेत.” मी गप्प बसलो. डेव्हलपमेंटचं घड्याळ कोण दुरुस्त करणार?

या गावातून पाच मिनिटांत काय होतं ते रेल्वेने हैदराबादला जाणाऱ्याला विचारा. सडकेने हैदराबाद तीनशे किलोमीटर, नाकासमोर, निर्मलचा घाट उतरला की झालं. रेल्वेला नाकासमोर जाणं मान्य नाही. ती आदिलाबादहून सुटते आणि थेट महाराष्ट्रात शिरते. किनवट, हिमायतनगर, भोकर करत मुदखेड गाठते, मग तिला आठवतं की आपल्याला तेलंगणात जायचंय, आणि बासरवरून ती निजामाबादकडे वळते. आपल्याच राज्याच्या राजधानीला जायला आम्ही आधी परराज्याचं दर्शन घेतो. किनवट तालुका 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आमच्या जिल्ह्यातून गेला, राजुरा गेला. पण ही बातमी रुळांपर्यंत पोचलेली दिसत नाही. निर्मल-आर्मूरवरून सरळ रेल्वे टाका, ही मागणी आमच्याकडे बापाकडून मुलाला वारसाहक्काने मिळते. शेत आता प्लॉटात गेलं, तेव्हा वारशात तेवढी मागणीच उरली. प्रत्येक निवडणुकीत तिला हळद-कुंकू लावतात आणि मतमोजणी झाली की पुन्हा कपाटात ठेवतात. दरम्यान 2016 मध्ये एका जिल्ह्याचे चार झाले. कोळसा मंचेरियलला गेला, लाकडी खेळणी निर्मलला गेली, आमच्या वाट्याला नाव आलं आणि कापूस आला. आता कापसाच्या जमिनीवर दगड रोवले जातायत, म्हणजे शेवटी नावच उरणार, तेही कमानीवर लिहायला.

पुण्याचा एक भाचा फोनवर विचारत होता, “मामा, आदिलाबाद राहायला कसं आहे?” मी एजंटाला तोच प्रश्न केला. तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू मी सोन्याची चव विचारली. “राहायचं कशाला साहेब? घेऊन ठेवा.”

इथे सगळा उलगडा होतो. 200 गजांचा प्लॉट घेणारा हैदराबादेत राहतो, नाही तर अमेरिकेत. तो इथं राहणार नाही, त्याच्याकडून घेणाराही राहणार नाही. पत्रकात सगळं पाच मिनिटांवर आहे, फक्त माणूस कुठे आहे ते दिलेलं नाही. आणि जे खरोखर राहतात, म्हणजे भाड्याच्या दोन खोल्यांतला मास्तर, जिनिंगमधला हमाल, भाजीचा गाडा लावणारी बाई, त्यांना या कमानींमुळे चढलेल्या भावात गावात हातभर जागा घेता येत नाही. राहायला गाव वाईट नाही हो. थंडी कडाक्याची, उन्हाळा माणसाला माणसात ठेवत नाही. पण चहाच्या एका टपरीवर तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी एकाच उधारीच्या वहीत नांदतात. हे पत्रकात कसं येणार? त्याला गजावर भाव नाही.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. शेतकरी कापसाची गाडी घेऊन यार्डात रात्र काढतो. सकाळी एक माणूस येतो, कापसात यंत्र खुपसतो आणि ओलावा मोजतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर कपात, 12 च्या वर गेला तर गाडी फिरव. पहाटेच्या दवाचा दंडही त्या गरिबाने भरायचा! आणि हे पत्रक? ते पिळलं तर बादली भरेल. त्यात यंत्र खुपसायला कुणी येत नाही. घाम गाळून पिकवलेल्या मालाची टक्केवारी निघते आणि हवेत रंगवलेल्या विमानतळाची रजिस्ट्री होते. याला डेव्हलपमेंट म्हणायचं असेल तर मढ्याला पावडर लावणाऱ्यालाही डॉक्टर म्हणा.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे, रेल्वेपेक्षा स्वस्त. व्हेंचर विकणाऱ्याने आधी त्यातल्या एका प्लॉटवर घर बांधावं आणि बायकापोरांसह एक पावसाळा काढावा. आमची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. भिंतीला पहिली भेग कधी पडली ते त्याने वहीत मांडावं. व्हेंचरमधल्या मुरूम टाकलेल्या साठ फुटी रस्त्यावर ऑगस्टात त्याची मोटारसायकल रुतली पाहिजे. पोराला रात्री ताप चढला की पाच मिनिटांत दवाखाना गाठून दाखवावा. एवढं निभावलं तर त्याने खुशाल पत्रक छापावं. पहिला प्लॉट मी घेतो, रोखीने.