१२२० अंशांवरचं नाशिक

भट्टीचं वेड लागलं की माणसाची गावाकडे बघण्याची नजर कायमची बिघडते. लोक रामकुंडावर पुण्यासाठी जातात, सराफ बाजारात सोन्यासाठी आणि भांडी बाजारात रुखवतासाठी. मी तिन्हीकडे एकच विचार घोळवत हिंडते: हे १२२० अंशांना नेलं तर याचं काय होईल? परवा काळाराम मंदिरात हात जोडून उभी होते. रामशेजच्या खाणीतून आणलेला तो काळा पाषाण बघता बघता मनात जे आलं, ते मी रामापाशीच ठेवलं. पुजाऱ्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

१२२० हा आकडा मी लकी नंबर म्हणून धरलेला नाही. गच्चीवरच्या आमच्या विजेच्या भट्टीत एक छोटा शंकू उभा असतो, सहा नंबरचा. साधारण या तापमानाला तो कमरेत वाकतो. शंकू वाकला की भांडी झाली. हेरमान सेगर नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८८६ साली ही युक्ती काढली. शंकू कधी वाकतोय हे भोकातून बघत रात्री गच्चीवर बसणाऱ्या बायकोला काय म्हणायचं, याची युक्ती मात्र त्यांनी आमच्या ह्यांच्यासाठी काढून ठेवलेली नाही. हे मीटर बघत खाली बसतात.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर चढवलेली काच. ती करायला तीन गोष्टी लागतात. सिलिका, म्हणजे आपली गारगोटी, काच होते. पण ती एकटी वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, आणि तेवढी ऐपत ना भट्टीची ना वीजबिलाची. म्हणून तिला लवकर वितळायला लावणारं फ्लक्स हवं. आणि वितळल्यावर सगळं ओघळून खालच्या फळीवर जाऊ नये म्हणून धरून ठेवणारी अॅल्युमिना हवी, ती चिकणमातीतून मिळते. एक मूळचं ताठ, एक त्याला वितळवणारं आणि एक दोघांना सांभाळून धरणारं, असं हे एकत्र कुटुंबच आहे. आमच्या घरात यातली कोणती भूमिका कोणाकडे आहे ते लिहीत नाही. सासूबाई मासिकं वाचतात.

ही सामग्री पोत्यांनी विकत मिळते. फेल्डस्पार राजस्थानचा, चायना क्ले गुजरातची, बॉल क्ले बिकानेरची. पाककृतीही जगभरच्या. म्हणजे कप माझ्या हातचा, पण त्यात माझ्या गावचं काय, तर नळाचं पाणी. हे मनाला लागलं आणि अस्सल नाशिकचा कप करायचं ठरलं.

सुरुवात मातीपासून केली. आपली काळी कसदार माती कापसाला, कांद्याला ठीक. कपाला ती वैरीण आहे. ओली असताना पोटभर पाणी पिऊन फुगते आणि वाळताना असा सूड घेते की कान एकीकडे, कप एकीकडे. त्यातून जे टिकतं त्याच्या पोटात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत चुनखडीचा कळीचा चुना होतो. कप छान दिसतो, शोकेसमध्ये जातो. मग पावसाळा लागतो, चुना हवेतली ओल पितो, फुगतो आणि आतून कपची उडवतो. आमच्याकडे मुलगी बघायला मंडळी आली होती तेव्हा शोकेसमधून टप्प असा आवाज आला. सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने दुसरा टप्प. मी चुनखडीची रसायनक्रिया समजावून सांगू लागले तेव्हा नणंदेने माझ्या पायावर पाय दिला.

माती सोडली आणि दगड धरला. सह्याद्री हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकदा वितळून झालेला माल आहे. बेसॉल्टमध्ये निम्मी सिलिका, बेताची अॅल्युमिना, चुना, मॅग्नेशिया आणि वर दहा-बारा टक्के लोह, म्हणजे ग्लेझची पाककृती निसर्गानेच लिहून ठेवलेली. फक्त दळून हवी. दळणाची सोयही गावाबाहेर रात्रंदिवस चालू असते. मी क्रशरवर गेले.

"मॅडम, चुरी किती ब्रास?" मुनीमजींनी पावतीपुस्तक उघडलं.

"दोन किलो."

त्यांनी पावतीपुस्तक मिटलं. मग चहा मागवला. बहुधा घरच्या कोणाला फोन करावा का, असा विचार करत असावेत. शेवटी फरसाणाच्या पिशवीत चुरी भरून दिली आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला.

चुरी नुसती वितळायला थोडी कुरकुरते. तिला टाकणखार लागतो, तो सराफ बाजारात डाग द्यायला वापरतात, म्हणून तिथेच मिळतो. पण तो पाण्यात विरघळतो आणि मिश्रण सकाळी एक, संध्याकाळी दुसरंच असतं. तरी पण पहिला कप भट्टीतून निघाला तेव्हा मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसले. जिथे लेप जाड तिथे काळाभोर, कडांवर जिथे पातळ तिथे गुळाच्या पाकाचा तांबूस, आणि उन्हात धरला की खोलवर चमक. ह्यांनी कप हातात घेतला, वजन जोखलं, म्हणाले, "डांबर छान दिसतंय."

यशाने माणूस धीट होतो. पांडवलेण्यांच्या आसपासच्या खाणींत काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, लोभस झिओलाइटचे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते दिव्याखाली मांडलेले आहेत. मी त्यांतला भंगार चुरा मिळवून कुटला. झिओलाइटच्या पोटात पाणी दडलेलं असतं, तापवलं की तो फसफसतो. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ सालीच हे पाहून नोंदवलंय. नाशिकमध्येही तसंच होतं, हे मी तपासून घेतलं. भट्टीच्या फळीवरचा तो फेस छिन्नीनेही निघत नाही.

राखेचं प्रकरण मामांकडून सुरू झालं. मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्हींत काड्यांचे ढीग पडतात. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश, म्हणजे फुकटचं फ्लक्स. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने राखेच्या ग्लेझची जी नावाजलेली पाककृती दिली तिच्यात ४० भाग राख, ४० फेल्डस्पार आणि २० चिकणमाती. एवढं सोपं! पण ट्रॉलीभर काड्या जाळल्या की घमेलंभर राख होते, ती धुतली की पातेलंभर, चाळली की वाटीभर. धुण्याचं पाणी हातांची सालं काढतं. चाळण पिठाची असेल तर सासूबाई उरलेली काढतात.

रंग मात्र आला फिकट शेवाळी, ओघळांच्या टोकाशी गडद. मी मामांना फोन केला. म्हटलं, बोर्डो फवारता ना, मोरचूदातलं तांबंच उतरलं असणार राखेत. पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हणजे माझ्या मालात रेसिड्यू आहे असं म्हणतेस?" मामा म्हणाले. त्यांची द्राक्षं युरोपात जातात. मी लोहानेही असाच रंग येतो वगैरे सांगू पाहिलं, पण फोन ठेवला गेला होता.

तांब्याची गोष्ट निघालीच आहे तर लिंबांचंही सांगते. तांबट लेनमध्ये तांबं तापवून ठोकताना काळी पापडी झडते. ती मी पुडीत बांधून आणली. कुटून ग्लेझमध्ये घातली की असा पोपटी-हिरवा रंग येतो की बघत राहावं. पण तांब्याचं ग्लेझ नीट जमलेलं नसेल तर आंबट पदार्थात तांबं उतरतं. त्याची घरगुती परीक्षा अशी: कपावर लिंबाची फोड रात्रभर पालथी ठेवायची. सकाळी तिथला रंग उडाला तर कप खाण्यापिण्यातून बाद.

मी अंगणाच्या कठड्यावर ओळीने कप मांडले, प्रत्येकात कापलेलं लिंबू. शेजारी राखेची बादली. पांढरा टाकणखार वाटीत. मिश्रणांचे नंबर लक्षात राहावेत म्हणून कुंकवाने ठिपके, कारण भट्टीत जाणारी पेन्सिल सापडत नव्हती. त्या दिवशी अमावस्या होती हे कालनिर्णय बघून मी ठरवलेलं नव्हतं. सकाळी दूधवाला पिशवी फाटकाबाहेर ठेवून गेला. कामाच्या मावशी म्हणाल्या, "वहिनी, मी आता मागच्या दारानं येत जाईन." शेजारच्या काकू दुपारी हळूच येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला. "काही अडचण असेल तर सांग हो. पंचवटीत आमच्या ओळखीचे एक आहेत, बघून सांगतात."

रंग उडाला होता. ते कप आता पेनं ठेवायला आहेत. पण पुढच्याच आठवड्यात काकूंच्या मुलाचं लग्न जमलं, आणि त्या एक कप मागून घेऊन गेल्या. लिंबासकट.

या सगळ्याचा हिशेब करायला मी अधूनमधून जुन्या नाशकात कुंभारवाड्यात जाते. तिथले एक बाबा माझं भांडं कानाजवळ नेतात, टिचकी मारतात आणि काही न बोलता परत देतात. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन डोकी तपासली, त्यात नामदेव कच्चे निघाले असं सांगतात. बाबांच्या टिचकीनंतर नामदेवांना काय वाटलं असेल ते मला कळतं. बाबांकडे शंकू नाही, मीटर नाही. आव्यात गोवऱ्या, पालापाचोळा, वर राखेचा थर. किती अंश, असं विचारलं तर म्हणाले, "लाल झालं की झालं."

आणि यात त्यांचा अहंकार नाही, घराणं आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला उत्खनन केलं. जोर्व्याची ती तांबडी, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, आणि टिचकी मारली तर अजून धातूसारखी खणखणतात. माझा कप गेल्या दिवाळीतला आहे आणि बद्द वाजतो. पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखात तर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी इथल्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. त्यांतले एक हजार कार्षापण कुलरिकांकडे, आणि कुलरिक म्हणजे कुंभार असा अर्थ अभ्यासक लावतात. हे मी ह्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. हे बँकेतून निवृत्त झालेत. म्हणाले, "तुझ्या भट्टीचा खर्च बघितला असता तर बाईंनी तेलघाणीवाल्यांकडे ठेवले असते." तेलघाणीवाले त्या शिलालेखात खरंच आहेत. मी तो मुद्दा पुढे नेला नाही.

संक्रांतीला मी वाण म्हणून बेसॉल्टच्या वाट्या लुटल्या. प्रत्येकीने वाटी उलटी करून खाली काही लिहिलंय का बघितलं. एकीने विचारलं, मायक्रोवेव्हला चालेल का. दुसरी म्हणाली, स्टीलच्या मिळाल्या नाहीत का गं? सासूबाईंनी माझी बाजू घेतली, म्हणजे त्यांच्या मते घेतली: "हिची पहिली बघितली असतीत तर ही फार चांगली आहेत." त्यांची स्वतःची चिनी मातीची लोणच्याची बरणी त्यांच्या सासूबाईंची आहे, पिवळी-पांढरी, एक चरा नाही. ती त्या मला हात लावू देत नाहीत. तिचा तुकडा काढून मी भट्टीत घालेन अशी त्यांना भीती आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही.

मामांचा राग गोडी छाटणीपर्यंत टिकला. मग एक दिवस त्यांचा गडी टेम्पोतून तीन पोती घेऊन आला. मामांनी काड्या स्वतः जाळून राखच पाठवली होती. सोनाका वेगळी, शरद सीडलेस वेगळी, थॉमसन वेगळी. प्रत्येक पोत्याला खाकी पुठ्ठा बांधलेला, त्यावर प्लॉट नंबर, छाटणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख. गड्याने निरोपही दिला: "मामा म्हणले, एक वाटी लॅबला देऊन बघा. रिपोर्ट नील आला तरच त्याचे कप करा, आणि हिरवा रंग आला तर तो थॉमसनच्या शेजारच्या प्लॉटवाल्याचा आहे, आमचा नाही."