आता नोकऱ्यांची परीक्षा घ्या

देशातले ५१.२५ टक्केच तरुण नोकरीलायक आहेत, असं २०२३-२४चा आर्थिक पाहणी अहवाल सांगतो. जुलै २०२४मध्ये तो संसदेत आला. त्याआधी आठवडाभरच मुंबईत कलिन्याला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती होत्या. जागा दोन हजारांच्या आसपास, आलेले पंचवीस हजारांच्या वर. गर्दी आवरेना, तेव्हा बायोडेटा ठेवून घरी जा असं सांगण्यात आलं. परत गेलेली ही हजारो पोरं कुठल्या चाचणीत नापास झाली? चाचणी झालीच नाही. जागा नव्हत्या.

त्याच वर्षी राज्यात पोलीस भरती झाली. १७,४७१ पदं आणि सतरा लाखांहून जास्त अर्ज. सगळ्यांनी मैदानीत पन्नासपैकी पन्नास काढले असते, तरी वर्दी तेवढ्यांनाच मिळाली असती. मेरिट फक्त आणखी वर चढलं असतं.

मोजमापाला माझा विरोध नाही. कुणाला काय येत नाही हे कळलं, तर शिकवता येतं. पण बेकाराची लायकी मोजताना मोजणाऱ्याची नजरही तपासायला हवी. अमेरिकेत क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांनी सुमारे बारा हजार बनावट बायोडेटा नोकऱ्यांच्या जाहिरातींना धाडले आणि त्यांत बेकारीचे महिने कमी-जास्त टाकले. २०१३मध्ये निष्कर्ष छापून आले : पहिल्या आठ महिन्यांतच मुलाखतीची बोलावणी झपाट्यानं घटतात. शिक्षण, अनुभव तोच, फक्त गॅप वाढलेला. जिथे बेकारी मुळातच जास्त, तिथे मात्र ही घट सौम्य होती, कारण तिथे घरी बसावं लागणं हा उमेदवाराचा दोष मानला जात नाही. आपल्याकडे मुलाखतीत पहिला प्रश्न अजून ‘गॅप का?’ हाच असतो.

म्हणून मोजायचंच तर हेही मोजा : मंजूर पदं किती वर्षं रिकामी आहेत, जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत किती महिने जातात, गॅपवाल्यांचे किती अर्ज न वाचता बाजूला पडतात. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंच बघा : कार्यालयात राहून काम शिकणाऱ्या पदवीधराला तीत महिना दहा हजार मिळतात. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे अकरा झाली. अकरा महिने ज्या कार्यालयात त्यानं फायली हाताळल्या, तो बाराव्या महिन्यात नोकरीलायक आहे की नाही, हे त्या कार्यालयानंच लेखी द्यावं. आणि असेल, तर त्याला का सोडलं तेही.