आंघोळीचं अंदाजपत्रक

थंड देशांत घर तापवण्याचं बिल येतं. पुण्यात घर कुणी तापवत नाही. आपण माणसं तापवतो, एकेक करून, बादलीने. म्हणून घरगुती ऊर्जाबचतीचा अभ्यास न्हाणीघरापासून सुरू करावा.

आधी तत्त्व. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. हा निसर्गनियम आहे, इथे घासाघीस चालत नाही. चौघांच्या घरात रोज दोन युनिटं, महिन्याला ६०. महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटांचा. १०१व्या युनिटापासून दर एकदम चढतो. म्हणजे फ्रिज, पंखे, टीव्ही यांनी उरलेल्या चाळिसांत संसार करायचा. तेव्हा महिनाअखेरीस आंघोळीला जाणारा माणूस महागड्या दराने आंघोळ करत असतो, हे त्याला दारावर टकटक करून वेळच्या वेळी सांगावं.

आता गळती. २५ लिटरचा, २,००० वॅटचा गिझर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३५ मिनिटं घेतो. पुढे तो स्वतःहून बंद होतो, पाणी जरा निवलं की पुन्हा चालू होतो, आणि बटण कुणी बंद केलं नाही तर दिवसभर हाच उद्योग करतो. ‘गिझर कुणी चालू ठेवला?’ हा प्रश्न विचारू नये. आमच्या घरी आजवर तो कुणीच चालू ठेवलेला नाही. दुकानदार पाच तारे दाखवतो, ते याच उभ्या पाण्याच्या निवण्याचे. आत गाणी म्हणत बसणाऱ्याला तारे मिळत नाहीत.

यावर उपाय म्हणजे सलग आंघोळी. गिझरपासून नळापर्यंत दहा मीटर नळी असेल, तर तिच्यात जवळपास दोन लिटर कढत पाणी अडकतं आणि दोन आंघोळींमध्ये तासाभराचं अंतर पडलं की ते फुकट निवतं. म्हणून साडेसहा ते सव्वासात असं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवावं. मी चिकटवलं. आईने त्याच्या मागे वाण्याची यादी लिहिली.

विसण हा नाजूक विषय आहे. हात भाजेल असं पाणी काढायचं आणि मग त्यात बादलीभर विसण घालायचं, ही आपली परंपरा. पण टाकी जितकी जास्त तापेल तितकी जास्त निवते, शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षारही कॉइलवर लवकर धरतात. थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवावा. घरातली वडीलधारी मंडळी ‘पाणी नुसतं कोमट येतंय’ म्हणतील. ती तापमापकावर विश्वास ठेवत नाहीत, बोटावर ठेवतात.

मिक्सर नळाचा दांडा मधोमध ठेवून दात घासणाऱ्यावर मात्र दया दाखवू नये. त्याचं गरम पाणी नळीतून निघतं, पण ते पोचायच्या आत त्याची चूळ भरून झालेली असते.

जुना तांब्याचा बंब या बाबतीत फार शिस्तीचा होता. बंबफोड संपली की आंघोळी संपल्या. तो चुकून दिवसभर चालू राहिल्याचं ऐकिवात नाही.

सोलरचं म्हणाल, तर उत्तम. फक्त गच्चीतलं गरम पाणी पहिल्या मजल्यावर येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडावं लागतं. विजेचं बिल उतरतं आणि टँकरचं चढतं.

या पद्धतीने आमचं जानेवारीचं बिल चक्क खाली आलं. त्या महिन्यात चिरंजीव पंधरा दिवस ट्रेकला गेले होते. परवा परतले आहेत. पावणेदोन तास झाले, लाल दिवा चालूच आहे.