मध्यंतरापर्यंत ठीक आहे

मध्यंतराचे दिवे लागायला आणि मागच्या रांगेतून ‘अजून काही घडलंच नाही’ असा निकाल यायला एकच गाठ पडते. तोवर पडद्यावर एक खून, दोन साखरपुडे आणि चार गाणी होऊन गेलेली असतात. पण निकाल देणाऱ्या काकांचा हिशोब वेगळा असतो. चारशेचं तिकीट, पार्किंगचे पन्नास आणि घरून आणलेला चिवडा दारावरच काढून घेतला गेला त्याचं दुःख, एवढ्या भांडवलावर निदान दोन खून तरी पडायला हवे होते.

मग समोशाच्या रांगेत देवाणघेवाण सुरू होते. ‘हिरो चांगलाय, पण वय दिसतं आता.’ ‘गाणी नसती तरी चाललं असतं.’ ‘शेवट मला कळलाय, पण सांगत नाही,’ असं म्हणून एक गृहस्थ शेवट सांगतात. तो चुकीचा निघाला तर दोष दिग्दर्शकाचा. गृहस्थांचा शेवट जास्त चांगला होता, हे घरी परतताना सिग्नलपर्यंत सगळ्यांना पटलेलं असतं.

प्रस्तुत लेखक गेली पंचवीस-तीस वर्षं या रांगेत उभा आहे. आधी एकपडदा थिएटरच्या वडापावाच्या रांगेत होता, आता मल्टिप्लेक्सच्या समोशाच्या रांगेत असतो. एवढ्या अनुभवावर त्याचं म्हणणं असं, की सिनेमा पाहून आलेला मराठी माणूस मत देत नाही, साक्ष देतो. ‘मी तिथं होतो, माझे चारशे गेले, पुढचं तुमचं तुम्ही बघा.’ आणि कुठल्याही साक्षीदारासारखं त्याला गुन्ह्याबद्दल थोडं आणि स्वतःबद्दल पुष्कळ सांगायचं असतं. एसी किती गार होता, शेजारचा फोनवर कसा बोलत होता, आणि येताना रिक्षावाल्यानं काय ऐकवलं. सिनेमाचं नाव विचारावं लागतं.

या साक्षीची भाषा ठरलेली आहे. नवख्यांच्या सोयीसाठी थोडा उलगडा करायला हवा. ‘बरा आहे’ म्हणजे उत्तम. ‘वाईट नाही’ म्हणजे त्याहून वर. पुण्याच्या काही पेठांत याच्यापुढे कौतुकाला शब्दच नाहीत. ‘ठीक आहे’ म्हणजे झोप लागली होती. ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे आम्ही फसलो, आता तुम्ही जा. ‘वेगळा आहे’ म्हणजे कळला नाही. ‘फोटोग्राफी सुंदर आहे’ म्हणजे अजिबात कळला नाही. ‘घरी मोबाइलवर आला की बघा’ म्हणजे बघू नका, पण आम्ही नको म्हणालो असं कुणाला सांगू नका.

या सगळ्यांवर चालणारं हुकमाचं पान एकच. ‘नटसम्राट’ चित्रपट १ जानेवारी २०१६ला लागला. नाना पाटेकरांचे अप्पासाहेब बेलवलकर पाहून लोक डोळे पुसत बाहेर येत होते. पण दाराशी कुणीतरी एक साक्षीदार उभा असायचाच. ‘हो, चांगलं केलंय. पण तुम्ही लागूंना पाहिलंय का?’ संपला विषय. मूळ शिरवाडकरांचं नाटक १९७० सालचं. म्हणजे ऐकणारा तेव्हा जन्मलाही नसण्याची शक्यता दांडगी. त्यानं खाली मान घालण्याखेरीज काय करावं? श्रीराम लागूंना त्या भूमिकेत पाहिल्याचं सांगणारे जितके लोक लेखकाला भेटले, त्यांना बसवायला बालगंधर्व रंगमंदिर पुरणार नाही. शनिवारवाड्याचं पटांगण मागून घ्यावं लागेल. ‘कट्यार काळजात घुसली’च्या वेळी हेच पान वसंतराव देशपांड्यांच्या नावानं पडलं. ‘दुनियादारी’च्या वेळी सुहास शिरवळकरांची कादंबरी कॉलेजात असताना किती वेळा वाचली, याचे आकडे पुढे आले. लेखकाचे एक मामा चौदापर्यंत गेले होते.

पैसे वसूल झाले की नाही, ही कसोटी मात्र आजची नाही. ती मराठी माणसानंच लावून दिली आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. मुंबईत तो चालला. पुढे सुरतेला गेला, तेव्हा धंदा बसल्याची गोष्ट सांगतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय. तीन आणे मोजून दीड तासात घरी पाठवणं हा त्याला सरळ अन्याय वाटला. यावर फाळक्यांनी काय करावं? सत्तावन्न हजार छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र, तेही फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात केली. हरिश्चंद्राचा सत्यवादीपणा बाजूला, माल वारावर! आणि गंमत बघा. चित्रपटाची लांबी होती सुमारे ३,७०० फूट, म्हणजे एक मैलसुद्धा नाही. फुटाला सोळा चित्रं धरली तर सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास बरोबर येतो. म्हणजे छायाचित्रं चोख आणि मैल दुपटीहून जास्त. हरिश्चंद्राच्या सिनेमानं मापात केलेली ही लबाडी प्रेक्षकांनी खपवून घेतली, कारण मैल मोजायला कोण जाणार?

मोजणारे मात्र असतात. लेखकाच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं, की त्यावरची मिनिटं मनात टिपून ठेवतात. सिनेमा सुटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, ‘एकशे बावन्न मिनिटं होती. वीस कापायला हवी होती.’ कुठली वीस, ते सांगत नाहीत. काकूंनी एकदा ‘ती वीस तुम्ही घोरलात ती’ असं पुरवून पाहिलं होतं.

साक्षीदार कच्चे निघाल्याचा सगळ्यात मोठा दाखला मात्र ‘शोले’चा. १५ ऑगस्ट १९७५ला तो लागला, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली आणि धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला पडेल ठरवून टाकलं. थिएटरात टाळ्या नाहीत की शिट्ट्या नाहीत. शेवट बदलून अमिताभच्या जयला जिवंत ठेवावं का, इथवर खल झाला. मग हळूहळू ध्यानात आलं, की लोक गप्प आहेत ते कंटाळून नव्हे, ऐकण्यात गुंगलेत. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. आज ‘शोले पहिल्याच दिवशी पाहिला आणि म्हटलं, हा गाजणार’ असं सांगणारे शेकड्यांनी भेटतात. हे सगळे तेव्हा एकदम बोलले असते, तर दिग्दर्शक रमेश सिप्पींची झोप तरी वाचली असती.

बायकांची साक्ष निराळी. तिथं सिनेमाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभंच करत नाहीत, घरच्यांना करतात. ३० जून २०२३ला केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला आणि भिशीचे गट, भजनी मंडळं, माहेरच्या सगळ्या बहिणी अशा टोळ्यांनी बायका थिएटरात गेल्या. कुणी नऊवारी नेसून, कुणी नऊवारीवर गॉगल लावून. पडद्यावर सहा बहिणी आणि त्यांची मंगळागौर. लेखकाच्या सासुरवाडीहूनही एक तुकडी गेली होती. परतल्यावर चहा ठेवण्याआधी चर्चा सुरू झाली ती दिग्दर्शनाची नव्हे, वाटपाची. सहांपैकी कोण कोण?

‘ती तोंडाळ आहे ना, ती म्हणजे आपली माई.’

‘आणि ती सगळ्यांची मनं सांभाळत मरते, ती मी.’

‘तू? मनं सांभाळतेस? गणपतीत पाट कुणी ओढून घेतला होता?’

पाट कुठला, गणपती कुठल्या सालचा, हे लेखकाला शेवटपर्यंत उलगडलं नाही. दोन सख्ख्या मावश्या त्यानंतर दहा दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि दोघीही येईल त्याला सांगत होत्या, ‘सिनेमा फार छान आहे हो. बहिणींचं प्रेम काय दाखवलंय!’

एखादाच सिनेमा असा येतो, की ज्याच्यापुढे साक्षीदारांची बोबडी वळते. ‘सैराट’ पाहताना, २०१६च्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, माणसं खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होती. तीच माणसं शेवटची काही मिनिटं संपल्यावर जिन्यानं खाली येताना चपलांचा आवाज होऊ नये अशी चालत होती. समोर अजय-अतुलच्या ठेक्यावर घामाघूम झालेला एक पोरगा बाइकची किल्ली हातात धरून नुसता उभा होता. लेखकानं सवयीनं विचारलं, ‘कसा वाटला?’ पोरानं त्याच्याकडे पाहिलं आणि बाइक ढकलत फाटकापर्यंत नेली. सुरूच केली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही त्या वेळी मिनिटं सांगितली नव्हती.

ते असो. साक्ष नेमकी तयार कशी होते, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं ‘दृश्यम’ बघावा. मूळ मल्याळम, जीतू जोसेफचा, २०१३चा. हिंदीत तो २०१५ साली आणला आपल्या निशिकांत कामतनं, ‘डोंबिवली फास्ट’वाल्या. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी पुढची चार वाक्यं गाळावीत. इतकी वर्षं थांबलो, आणखी किती थांबायचं? गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर, चौथी नापास, जे शिकला ते सिनेमे बघून. दोन ऑक्टोबरला आपण सहकुटुंब पणजीला सत्संगाला होतो, दुसऱ्या दिवशी सिनेमा पाहिला, पावभाजी खाल्ली, हे तो बस कंडक्टरपासून थिएटरमधल्या माणसापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात असं बसवतो, की पुढे पोलिसांसमोर ते शपथेवर खोटं बोलतात आणि तरी प्रामाणिकच असतात. दर दोन ऑक्टोबरला आता गांधीजींच्या बरोबरीनं त्या पावभाजीचीही आठवण काढली जाते.

हे सगळं लेखकाला आठवण्याचं कारण खाजगी आहे आणि लाजिरवाणंही. परवाच्या रविवारी दुपारी त्यानं एका लग्नात श्रीखंडाला न्याय दिला आणि रात्री साडेनऊच्या खेळाला जाऊन बसला. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आठवतं. धूम्रपानाची सूचना आठवते. त्यानंतर एकदम दिवे. मध्यंतर. त्यानं समोसा खाल्ला, खुर्ची जरा मागे रेलली, आणि पुन्हा डोळे उघडले तेव्हा सफाईवाला झाडू घेऊन शेजारी उभा होता. ‘साहेब, संपला.’

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये काकांनी गाठलंच. ‘पाहिलात म्हणे काल. कसा आहे?’

खरं सांगायला तीन मजल्यांचा अवकाश होता. पण लिफ्टमध्ये दूधवालाही होता. माणसाची काही अब्रू असते. ‘बरा आहे,’ लेखक म्हणाला. मग ते अपुरं वाटलं म्हणून, ‘फोटोग्राफी सुंदर आहे.’

‘आणि शेवट?’

‘शेवट सांगत नाही.’

हे शंभर टक्के सत्य होतं. हरिश्चंद्रालाही यात खोट काढता आली नसती.

बुधवारी संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लेखकाला जिन्यात अडवलं. हातात मेथीची जुडी. ‘अहो, तो नवीन सिनेमा पाहिलात का? जरूर बघा. शेवटाला म्हणे असा धक्का आहे, की सांगवत नाही माणसाला. आपल्याच बिल्डिंगमधल्या कुणा जाणकारानं पाहिलाय. म्हणाले, शेवटी सुन्न होऊन नुसते खुर्चीत बसून राहिले, सफाईवाल्यानं येऊन उठवलं तेव्हा भान आलं.’

सफाईवाल्याचं लेखक कुणालाही बोलला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं. काकूंनी मेथी या हातातून त्या हातात घेत आणखी एक माहिती पुरवली, की त्यात एक अंगाईगीत आहे, फार गोड. लेखक घरी आला, बूट काढले आणि बराच वेळ त्या अंगाईचा विचार करत बसला. आपण झोपलो ते तिच्यामुळं तर नव्हे?

शनिवारी त्यानं दोन तिकिटं काढली. ‘अहो, तुम्ही पाहिलाय ना?’ बायकोनं विचारलं. ‘पुन्हा बघण्यासारखा आहे,’ असं सांगताना त्याला विजय साळगावकरची मनापासून कणव आली. या खेपेस दुपारी नुसतं ताक-भात खाल्लं होतं. खुर्ची सरळ ठेवली. पहिला अर्धा भाग त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिला. अंगाई आली नाही. खरं तर फारसं काहीच आलं नाही. एक माणूस एका गावात येतो आणि मध्यंतरापर्यंत पत्ता विचारतो.

दिवे लागले. मागच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, ‘अजून काही घडलंच नाही.’ लेखक मान खाली घालून समोशाच्या रांगेकडे निघाला, पण काकांनी पाहिलंच. काकूही होत्या. वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांची सून आणि मेथीच्या जुडीइतक्याच टवटवीत दोन मैत्रिणीही होत्या. चिवडा त्यांचाही दारावर गेला होता.

‘बरं झालं भेटलात,’ काका म्हणाले. ‘एवढं सगळं तुमच्या शब्दावर आलंय. खरं सांगा, थांबायचं ना? शेवट तसाच आहे ना, म्हणता तसा?’

सगळे लेखकाकडे बघत होते. दुसऱ्या भागाची घंटा वाजली.

‘थांबा,’ लेखक म्हणाला, आणि काउंटरवरच्या मुलाला त्यानं दोन कॉफ्या सांगितल्या. दोन्ही स्वतःसाठी.