जीवा आणि कंस

आमच्या हॉल आणि जेवणघराच्या मध्ये चार फूट रुंदीची एक मोकळी चौकट आहे. सरळ, चौकोनी, निरुपद्रवी. बावीस वर्षं तिच्यातून आमटीची पातेली ये-जा करत होती, कुणाची तक्रार नव्हती. शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला ती खुपू लागली. तिथे कमान हवी!

"पण ती पेलणार काय?" बायकोनं विचारलं.

प्रश्न वर्मी लागला. आजोळच्या वाड्यातल्या कमानी वरची अख्खी माडी पेलायच्या. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटायचा आणि त्या रेटारेटीतच सगळे जागच्या जागी राहायचे, एकत्र कुटुंबासारखे. आमच्याकडे वरचं सगळं ओझं बीमनं आधीच उचललेलं. माझ्या कमानीला नुसतं दिसायचं होतं. निवृत्त माणसाचंही साधारण तसंच असतं, पण ते मी बोललो नाही.

पूर्ण अर्धवर्तुळ घ्यावं, तर सात फुटांच्या चौकटीत कमान पाच फुटांवरच सुरू होते. आमचे मेहुणे सहा फुटी, त्यात मधून चालायची सवय नाही. म्हणून उंची नऊ इंच ठरवली. चार फूट रुंदी, नऊ इंच उंची, म्हणजे त्रिज्या साडेछत्तीस इंच. हे गणित मी तोंडी केलं. एकतीस वर्षं गणित शिकवलंय, थट्टा नाही. अडचण एवढीच, की वर्तुळाचा केंद्रबिंदू जमिनीपासून चार फुटांवर अधांतरी येत होता. बायकोला तिथे खिळा धरून उभं केलं असतं, तर कमान नक्की झाली असती. संसाराचं सांगता येत नाही. शेवटी हॉलच्या फरशीवरच सुतळी आणि पेन्सिल घेऊन बसलो.

जिप्सम बोर्डाची शीट सहा बाय चार फुटांची, साडेबारा मिलिमीटर जाड. चौकट चार फूट, शीटची रुंदी चार फूट. पत्रिका जुळली! दर्शनी बाजूचे दोन तुकडे कापले. पत्र्याच्या चॅनेलच्या कडांना दोन-दोन इंचांवर कात्री मारली, तशी ती गोमेसारखी वळली. राहिली फक्त कमानीची पोटाकडची पट्टी. ती मात्र अस्सल मराठी निघाली. मोडेन, पण वाकणार नाही.

बोर्ड ओला केला की वाकतो, असं ऐकलं होतं. कागदावर पाण्याचा हात फिरवायचा आणि थांबायचं, एवढंच ते. मी पट्टी रात्रभर बाथरूममध्ये टबात ठेवली. सकाळी कागद एकीकडे आणि पिठलं एकीकडे. पश्चात्ताप झाकायला मी बायकोला सांगितलं, की जिप्सम हा मुळात पाणी धरून ठेवणारा दगड आहे. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच असतं. भाजून ते बरंचसं उडवलं की पीओपी होतं आणि त्यात पाणी घातलं की पुन्हा दगड.

"एवढं पाणी आधीच होतं, तर तुम्ही आणखी का ओतलंत?"

दुसरी पट्टी शहाणपणानं केली. मागच्या बाजूला इंचा-इंचावर कटरनं आडव्या रेघा मारल्या आणि एकेक रेघ हलकेच मोडली. कट्, कट्, कट्. पुढचा कागद शाबूत राहतो आणि बिजागरीचं काम करतो. पट्टी अशी लवली, की मला भरून आलं. एका टोकाला स्क्रू मारला, चॅनेलला चिकटवत चिकटवत दुसऱ्या टोकाकडे गेलो, आणि पट्टी संपली. भिंत अजून साडेचार इंच लांब होती.

मी शिडीवर तसाच उभा राहिलो. जीवा अठ्ठेचाळीस इंच, कंस साडेबावन्न. कंस जीवेपेक्षा नेहमी मोठा असतो, हे न लिहिणाऱ्या पोरांना मी ओणवं उभं केलेलं आहे. पुराणातल्या कंसानंही कुणाच्या जीवावर इतकं आणलं नसेल. (त्यानं आणलं होतं म्हणा. पण ती भाचरं होती, गणिताचे मास्तर नव्हते.)

दुसरी शीट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "सर, सुतळी वळणावरून फिरवून मोजायचं होतं." सुतळी माझ्या खिशातच होती.

कमान झाली. सांधे पुट्टीत बुजले, वर रंग चढला. डावी बाजू किंचित उतरली आहे, पण ते फक्त माझ्या आणि मेहुण्यांच्या लक्षात येतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायको मोठ्या हौसेनं बाजारातून कमानीसाठी झेंडूचं तोरण घेऊन आली. तिनं ते उलगडून माझ्या हातात दिलं.

"चौकट मोजून आणलंय," ती म्हणाली. "बरोब्बर चार फूट."

मी शिडी आणायला गेलो.